ओफिओलाइटचं वय काढायचंय: झिरकॉन, आर्गॉन की रेडिओलॅरिया?

धुळे-नंदुरबारकडची पोरं खडकातच वाढतात, पण तो सगळा एकाच जातीचा: साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रबंधाला ओफिओलाइट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, अंदमान की लडाख? माझ्या मते तो दुसरा प्रश्न. आधी ठरवा, कोणती तारीख हवी आहे.

कारण ओफिओलाइट म्हणजे जमिनीवर चढून बसलेला समुद्रतळाचा तुकडा, आणि त्याच्या तारखा अनेक. कवच घडलं ती एक, तुकडा मूळ जागेवरून उखडला ती दुसरी, त्यावर गाळ साचला ती तिसरी.

कवचाचा जन्मदाखला देतो झिरकॉन, खडकातलं एक बारीक खनिज. लाव्हात तो जवळजवळ मिळत नाही. प्लॅजिओग्रॅनाइट या पांढरट खडकाच्या शिरा शोधाव्या लागतात. युरेनियमपासून झालेलं शिसं तो ९०० अंशांच्या आसपासही धरून ठेवतो. अंदमानचं सुमारे साडेनऊ कोटी वर्षं हे वय असंच निघालं. वेळ आणि पैसा दोन्ही खातो, तरी एकच पद्धत परवडणार असेल तर हीच घ्या.

आर्गॉन पद्धत म्हणजे पोटॅशियमपासून झालेला आर्गॉन वायू मोजणं. तुकड्याच्या तळाशी उष्णतेनं बदललेला अॅम्फिबोलाइट खडक असतो, त्यातल्या हॉर्नब्लेंड या खनिजावर ती उत्तम चालते. पाचशे-साडेपाचशे अंशांखाली तो खडक कधी निवला हे ती सांगते. म्हणजे हा शाळा सोडल्याचा दाखला. पण समुद्राच्या पाण्यानं कुजलेल्या पिलो लाव्हावर (पाण्याखाली उशांसारखा थिजलेला लाव्हा) ती लावाल तर फसाल. पोटॅशियम बाहेरून आलेलं, आर्गॉन निसटलेला. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असायची, तशी ती तारीख.

वर साचलेल्या गाळाची तारीख देतात चर्ट या गारगोटीसारख्या खडकातले रेडिओलॅरिया, म्हणजे सूक्ष्म समुद्री जीवांचे जीवाश्म. ते स्वस्त पडतात, पण वयाचा पट्टा मोठा देतात, आणि ते सोडवणं म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्लाशी खेळ आहे. नीट सोय नसेल तर नकोच.

खरी गंमत दोन तारखा शेजारी ठेवल्यावर येते. ओमानमध्ये कवच आणि तळ या दोन्हींतले झिरकॉन साडेनऊ कोटींच्या आसपासच येतात. म्हणजे सबडक्शन (एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसणं) सुरू होताच त्याच्याच डोक्यावर हे कवच जन्मलं, असा अर्थ लावता येतो. त्याच तळातला गार्नेट (हेही एक खनिज) मात्र १० कोटी ४० लाख सांगतो, म्हणून वाद अजून पेटता आहे. लडाखमधल्या स्पोंगटांगची गोष्ट उलटी: समुद्रतळ १७ कोटी ७० लाख वर्षांचा, त्यावरचा ज्वालामुखी चाप (सबडक्शनच्या डोक्यावर उभी राहणारी ज्वालामुखींची रांग) ८ कोटी ८० लाखांचा. जुन्या जमिनीवर नवं घर.

म्हणून चापाचा जन्म हा विषय असेल तर अंदमान. तिथे जंगल आणि लाल माती फार, चांगले खडक किनाऱ्यावर. ओहोटी बघून काम करावं लागतं. जुन्या समुद्रतळावर चाप कसा बसला हे हवं असेल तर स्पोंगटांग, पण फक्त उन्हाळ्यात. जळगावच्या ४५ अंशांतून थेट त्या उंचीवर गेलात तर पहिले दोन दिवस हातोडाही उचलवत नाही.

जाण्याआधी एक दिवस नंदुरबार-धुळ्याच्या डाईकवर (भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) काढा. आपल्या डाईकच्या दोन्ही कडा बारीक कणांच्या असतात, कारण दोन्हीकडे गार खडक होता. ओफिओलाइटच्या शीटेड, म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या, डाईकमध्ये आधीचा डाईक मधोमध फाडून नवा घुसतो, म्हणून पुष्कळांना एकच कड उरते. हा फरक घरी बोटानं चाचपून गेलात तर तिथे चुकणार नाही.