‘नेपोलियन’ पाहायचा ठरलंय, पण कुठला?

फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सचा १९२७ चा मूकपट ‘नेपोलियन’ एकदा पाहून टाकायचा असं ठरवलेल्या तिघांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला: कुठली प्रत मिळवू? चित्रपट एकच, पण आज बघायला मिळू शकणाऱ्या आवृत्त्या तीन. एक चार तासांची, एक साडेपाच तासांची, आणि २०२४ मध्ये आलेली सात तासांहून मोठी. तिन्ही मी पाहिल्या आहेत, मधली तर दोनदा. तेव्हा जे सांगतो ते माझ्या डोळ्यांना आणि कानांना काय वाटलं एवढंच. अभ्यासकांचं मत वेगळं असू शकेल.

एका मूकपटाच्या तीन आवृत्त्यांमधून निवड करता येणं ही चैन आहे, हे मात्र आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याच दशकात, १९२३ साली, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सिंहगड’ केला. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, शेलारमामांच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. तो आज पाहायचा म्हटलं तर पाहता येत नाही. गान्सच्या चित्रपटाचेही असेच तुकडे झाले होते. कुणी कापला, कुणी पुन्हा जोडला, खुद्द गान्सनेच बोलपटाच्या काळात त्याची मोडतोड केली. तो वाचला तो माणसांच्या हट्टामुळे. केव्हिन ब्राउनलो नावाच्या पंधरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हाती १९५४ मध्ये घरगुती प्रोजेक्टरवर चालणारी साडेनऊ मिलिमीटरची दोन रिळं लागली आणि उरलेली शोधण्यात त्याने आयुष्य घातलं. साडेपाच तासांची प्रत त्याची. चार तासांचीही त्याच्याच कामातून निघालेली.

माझी ओळख झाली ती या चार तासांच्या प्रतीशी. अमेरिकन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलांनी जानेवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दाखवली ती ही आवृत्ती. संगीत त्यांच्या वडिलांचं, कार्माइन कोपोलांचं. जवळजवळ सहा हजार खुर्च्यांच्या त्या सभागृहातल्या टाळ्या पॅरिसमध्ये आजारी असलेल्या गान्सना फोनवरून ऐकवल्या गेल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. या आवृत्तीने जगाला हा चित्रपट पुन्हा दाखवला, तिचे उपकार मी विसरणार नाही. नव्वदच्या दशकात पुण्यात आम्ही दहाबाराजण एका मित्राच्या हॉलमध्ये जमून जुने चित्रपट पाहायचो. कुणीतरी अमेरिकेहून तिची चित्रफीत आणली होती.

त्या रात्री जे झालं त्यावरच पुढे माझा सगळा निर्णय ठरला, म्हणून ते नीट सांगतो.

चित्रपटाची सुरुवात ब्रिएनच्या लष्करी शाळेत. आधी ती प्रसिद्ध बर्फगोळ्यांची लढाई. मग पोरं छोट्या नेपोलियन बोनापार्टचा पाळलेला गरुड सोडून देतात, तो चिडून सगळ्या शयनगृहाशी उशांची मारामारी करतो, पडद्याचे चार आणि मग नऊ तुकडे होतात, हवेत नुसती पिसंच पिसं. शिक्षा म्हणून त्याला बाहेर थंडीत काढतात. तो तोफेवर पडून रडतो. आणि गरुड परत येऊन त्या तोफेवर बसतो. या एवढ्याशा प्रसंगावर पुढचे सगळे तास उभे आहेत. कारण शेवटच्या क्षणापर्यंत तो गरुड पडद्यावर येत राहतो.

आमच्या हॉलमध्ये त्या क्षणी मागून कुणीतरी हसलं. मग दुसरंही. त्यात वाईट हेतू नव्हता. रडणाऱ्या मुलाचे खांदे टकटक टकटक हलत होते, त्याने डोळे पुसले तेही झटक्यात, आणि गरुड आला, बसला, संपलं. आपल्या मनात मूकपट म्हणजे भराभर चालणारी माणसं, आणि भराभर चालणारी माणसं म्हणजे विनोद, हे लहानपणापासून पक्कं बसलेलं. डोळ्यांनी तेच पाहिलं आणि ओठांनी त्याला उत्तर दिलं. मला मात्र ते हसणं लागलं. पुढे वीस वर्षं ‘नेपोलियन’ माझ्या लेखी महत्त्वाचा, थोर, पण जवळ न येणारा चित्रपट राहिला.

दोष गान्सचा नव्हता, गतीचा होता. मूकपट सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रित होत आणि दाखवणाराही अंदाजाने वेग कमीजास्त करी. चोवीस हा आकडा पक्का झाला तो बोलपट आल्यावर, कारण फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाला एकसारखा वेग लागतो. कोपोलांची आवृत्ती चोवीसच्या वेगाने चालवली गेली. वीसच्या वेगाचं दृश्य चोवीसने चालवलं की प्रत्येक हालचाल एकपंचमांशाने घाईची होते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. घोडदौडीत, गर्दीत, दंगलीत ते खपूनही जातं, कदाचित जोरकसही वाटतं. पण चेहरा जवळून दाखवला की खपत नाही. पापणी लवते ती फडफडते. कुणी विचारात पडून मान वळवतो ती हिसका दिल्यासारखी वळते. आणि गान्सच्या चित्रपटात माणसं एकमेकांकडे नुसती बघत राहतात असे क्षण फार आहेत.

२०१७ मध्ये भाच्याने लंडनहून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या डिस्क आणल्या. ही ब्राउनलोची साडेपाच तासांची प्रत, आदल्या वर्षीच डिजिटल रूपात आलेली, संगीत कार्ल डेव्हिसचं. पहिल्या रात्री एकटाच बसलो. तोफेवर पडलेला मुलगा आला आणि मी नकळत कुणी हसण्याची वाट पाहू लागलो. या वेळी खांदे हळू हलले. गरुड आला, तोफेवर उतरला, पंख मिटले, पाय सरकवून नीट बसला. मुलाने मान वर केली. तो पक्षी तिथे बसला आहे हे पाहायला मला वेळ मिळाला, एवढाच फरक. मी प्रसंग थांबवून उठलो आणि थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो.

नंतर सहज हिशेब केला. साडेपाच तासांचा चित्रपट वीसऐवजी चोवीसच्या वेगाने चालवला तर सुमारे चार तास पस्तीस मिनिटांत संपेल. म्हणजे चार तासांच्या प्रतीत नुसती घाई नाही, कापाकापीही आहे. खानावळवाल्या फ्लरीची मुलगी व्हिओलिन, जिने बोनापार्टचा मनात देव्हारा मांडला आहे, तिचा धागा तिथे जवळजवळ नाहीसा होतो. हा धागा सगळ्यांना आवडतोच असं नाही, मलाही पहिल्यांदा तो लांबलेला वाटला होता. पण बोनापार्ट आणि जोसेफिनच्या लग्नाच्या रात्री ती एकटी पोर स्वतःपुरतं जे ‘लग्न’ लावते ते पाहिल्यावर मी मत बदललं. शिवाय ब्राउनलोच्या २००० सालच्या प्रतीपासून मूळच्या रंगछटा परत आल्या आहेत: रात्रीला निळी, आगीला तांबूस. कोपोलांच्या प्रतीत हे रंग मला दिसले नाहीत, शेवटचा तिरंगी भाग सोडला तर.

डेव्हिसच्या संगीताबद्दल थोडं. त्याने बेथोव्हेन भरपूर वापरला आहे, आणि मुख्य म्हणजे त्याची ‘एरोइका’ सिंफनी, जी बेथोव्हेनने आधी बोनापार्टच्या नावे केली होती आणि तो सम्राट झाल्यावर ते नाव खोडून टाकलं होतं. तरुण, अजून सम्राट न झालेल्या बोनापार्टवर ते सूर ऐकताना पुढचा इतिहास माहीत असलेल्याच्या पोटात कालवतं. गरुडासाठी डेव्हिसने स्वतः बांधलेली धून आहे. ती ब्रिएनमध्ये ऐकू येते आणि मग कुठे कुठे परत येते, कधी अर्धवट, कधी पूर्ण जोमात. आपल्याकडे गायक जसा मुखड्यावर परत येतो आणि श्रोत्याला घरी आल्यासारखं वाटतं, तसं काहीसं साडेपाच तासांत दहाबारा वेळा होतं. मूकपटात एवढा आधार फार मोठा असतो.

आता तिसरी. सिनेमातेक फ्रांसेज या पॅरिसमधल्या चित्रपट-संग्रहालयासाठी जॉर्ज मुरिए यांनी पंधराहून अधिक वर्षं खपून गान्सची मोठी आवृत्ती शक्य तितकी मूळ क्रमाने उभी केली. पहिला भाग मे २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवला, जुलैत पॅरिसमध्ये पूर्ण चित्रपट वाद्यवृंदासह झाला. मी त्या उन्हाळ्यात मुलीकडे पॅरिसला होतो. आम्ही दोघांनी थिएटरात दोन दिवसांत दोन भाग पाहिले. चित्राची गुणवत्ता थक्क करणारी. तुलों या फ्रेंच बंदराचा वेढा, रात्रीचा तो पाऊस, चिखलात रुतलेली माणसं, हे सगळं इथे इतकं भरगच्च आणि इतकं स्पष्ट आहे की ब्राउनलोच्या प्रतीतला तुलों नंतर जरा आटोपशीर वाटला. गतीचा त्रास इथे नाही, माणसं माणसांसारखी चालतात. तुम्हाला गान्सने काय काय केलं होतं ते सगळं पाहायचं असेल, फ्रेंच येत असेल आणि युरोपात थिएटरात पाहायची संधी असेल, तर मी अडवणार नाही.

पण दोन गोष्टी आहेत. पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या फ्रेंच, आणि गान्स पाट्यांमध्ये बोलघेवडा आहे. इतिहासातलं खरं वाक्य वा प्रसंग असेल तिथे पाटीवर तो तसा शब्दच घालतो: ‘ऐतिहासिक’. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक चाळत बसणाऱ्या मराठी वाचकाला हे फार गंमतीचं वाटेल, पण त्यासाठी पाटी झरझर वाचता यायला हवी. माझं फ्रेंच दुकानात पाव मागण्यापुरतं. मुलगी कानात सांगत होती, तरी शेजारच्यांचा विचार करून अर्ध्या पाट्या सोडाव्या लागल्या. दुसरी गोष्ट संगीत. सिमॉन क्लोके-लाफोल्यी यांनी ते अनेक संगीतकारांच्या तयार रचनांमधून जुळवलं आहे. प्रसंगागणिक ते सुंदर आहे, काही ठिकाणी तर डेव्हिसहून चपखल. मात्र सात तासांत मला परत येण्यासारखा मुखडा सापडला नाही. कदाचित दुसऱ्यांदा ऐकताना सापडेलही. पहिल्या वेळी गरुड आला तेव्हा मी सवयीने डेव्हिसची धून मनात म्हणत होतो, हे खरं.

शेवटच्या भागाबद्दल इशारा देतो, आणि तो घरी बसून पाहणाऱ्या सगळ्यांना लागू आहे. इटलीवरच्या स्वारीला गान्सने तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केलेली दृश्यं तीन पडद्यांवर शेजारी शेजारी मांडली. पडदा तिप्पट रुंद होतो, शेवटी डावा निळा, उजवा लाल, मध्ये पांढरा. सभागृहात हा क्षण अंगावर येतो. घरच्या टीव्हीवर नेमकं उलट होतं. इतका वेळ पूर्ण उंची व्यापणारं चित्र त्या क्षणी आक्रसून पट्टी होतं, उंची पडद्याच्या निम्म्याहूनही कमी. सगळं ज्यासाठी रुंदावतं ते नेमकं लहान दिसतं. यावर मला सापडलेला उपाय असा: भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवा, नाहीतर निदान त्या भागाआधी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून घ्या आणि दिवे बंद करा. दुसऱ्या वेळी मी आणि पत्नीने तेच केलं. सैन्य तिन्ही पडद्यांवर पसरलं तेव्हा तिने माझा हात धरला होता.

ब्रिटिश डिस्क मागवणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. त्या ब्लू-रेच्या ‘बी’ विभागासाठी आहेत आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो. भाच्याने आणलेल्या डिस्क माझ्या आधीच्या प्लेअरने नाकारल्या होत्या. सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागतो, किंवा ज्याच्याकडे तो आहे असा मित्र.

वेळ नसेल म्हणून चार तासांची प्रत घेऊ का, असं मला त्या तिघांतल्या दोघांनी विचारलं. वेळ नसेल तर ब्राउनलोच्या प्रतीचे दोन भाग करा. चित्रपट चार अंकांत आहे, दुसरा अंक तुलोंच्या लढाईचा. तो संपला की थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी. आणि तेवढंही जमणार नसेल तर फक्त ब्रिएन पाहा, गरुड तोफेवर बसेपर्यंत. पुढचं पाहायचं की नाही ते तेव्हा ठरवा.