वेल्डिंगचं ऑटो हेल्मेट घेतलं, डावा हात मोकळा झाला

किंमत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. साडेअठराशे रुपये. सोलापुरातल्याच दुकानातून, घासाघीस करून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या दुकानात एकाच फळीवर हेच हेल्मेट तीन वेगवेगळ्या स्टिकरखाली मांडलेलं होतं, आणि एकाच्या आतल्या पट्ट्यावर तर दुसऱ्याचंच नाव छापलेलं. तेव्हा हे एका कंपनीबद्दल नाही, या जातीच्या मालाबद्दल समजा. समोर आडवी काच, वेल्डिंगचा झगझगीत जाळ (आर्क) पेटला की आपोआप काळी होणारी, तिच्याजवळ सोलरची बारीक पट्टी आणि दोन सेन्सर, कानाच्या बाजूला शेड (काच किती काळी व्हावी तो नंबर) फिरवायचं बटण, आतून सेन्सिटिव्हिटी (किती उजेडाला काळी व्हावी) आणि डिलेची (आर्क विझल्यावर किती वेळानं उघडावी) दोन छोटी बटणं. जानेवारीत घेतलं, आता जून आहे.

माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान अक्कलकोट रोडला आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याचे शेड. बावीस वर्षं हातातल्या स्क्रीनवर, म्हणजे तोंडासमोर धरायच्या काळ्या काचेच्या ढालीवर, काम केलं. डाव्या हातात स्क्रीन, उजव्या हातात रॉडचा होल्डर, आणि जॉब, म्हणजे जोडायचं लोखंड, धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. मग काय करतो आपण? एक तर हेल्परला लोखंडी अँगल धरायला लावतो, नाहीतर स्क्रीन खाली ठेवून, नेम धरून, डोळे मिटून टाका (तुकडा जागेवर धरणारा छोटा वेल्ड) मारतो. "एकच टाका तर आहे" असं म्हणत एका गेटला चाळीस टाके होतात.

गड्ड्याच्या जत्रेआधी होम मैदानावरच्या स्टॉलच्या फ्रेम करायचं काम होतं. संक्रांत तोंडावर, तीन रात्री जागून काम. हेल्पर पोरगा अँगल धरायचा आणि मी आर्क मारली की मान वळवायचा. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याचा फोन. "मालक, डोळ्यात वाळू घातल्यागत व्हायलंय, उघडंनाच." त्याच्या आईनं बटाट्याच्या चकत्या बांधल्या होत्या. आमच्याकडं हे औषध पिढीजात आहे, माझ्या वडिलांनीही बांधून घेतलंय. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचं पातळ आवरण भाजलंय, उन्हानं कातडी भाजते तसंच. म्हणून तर काम करताना काहीच कळत नाही, सहा-आठ तासांनी, बहुतेक वेळा झोपेत, दुखायला लागतं. एक-दोन दिवसांत भरून येतं. बटाट्यानं गार वाटतं इतकंच, आणि भाजलेल्या डोळ्यावर कच्ची भाजी कशाला ठेवायची? आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: मेडिकलमधून डोळा बधिर करायचे थेंब स्वतःच्या मनानं आणून घालत बसू नका. दुखायचं थांबतं, पण जखम भरत नाही, उलट चिघळते.

तीन दिवसांचा खाडा झाला, हजेरी मी भरून दिली. डोक्यात एकच बसलं. वेल्डिंग मी केलं, काच माझ्याकडं होती, आणि डोळे गेले धरणाऱ्याचे. माझा डावा हात मोकळा असता तर तो पोरगा तिथं उभाच राहिला नसता. म्हणून हेल्मेट.

त्या कामाला हे शंभर टक्के उतरतं, आधी कबूल करतो. अँगल स्वतः धरायचा, रॉड जागेवर टेकवायचा, काचेतून स्वच्छ दिसतंय, मग मारायचं. साध्या काळ्या काचेच्या टोपासारखी मान झटकून तो खाली पाडायची कसरत नाही. टाका जिथं हवा तिथंच बसतो. पहिल्याच आठवड्यात ग्राइंडिंगचं काम कमी झाल्याचं लक्षात आलं, कारण चुकीच्या जागी मारलेले टाके उडवायचे राहिलेच नाहीत. हेल्पर आता आर्कच्या वेळी लांब असतो, ग्राइंडरवर किंवा चहा आणायला.

दुकानदार म्हणाला होता, "काच काळी व्हायला सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग, मालक, डोळ्याला कळत पण नाही." खोक्यावरही तेच छापलंय आणि वापरताना तसंच वाटतं. पण त्यानं न सांगितलेली गोष्ट जास्त कामाची आहे, ती मला चूक करून कळली. शेडच्या बटणाला एका टोकाला 'ग्राइंड' असं ठिकाण असतं. तिथं काच काळी होतच नाही, ग्राइंडिंगसाठी फिकी राहते. पोरानं ग्राइंडिंगला हेल्मेट घातलं, तसंच खिळ्याला अडकवलं. मी घेतलं, घातलं, रॉड टेकवला. समोर पांढराफटक उजेड! दहा मिनिटं डोळ्यांपुढं हिरवे ठिपके नाचत होते. रात्री बटाटे लागणार अशा तयारीनंच झोपलो. सकाळी उठलो तर डोळे ठणठणीत.

भाचा डिप्लोमाला आहे, त्यानं कारण सांगितलं. काळं होणं हा नुसता डोळे दिपू नयेत म्हणूनचा खेळ आहे, एलसीडीचा. अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर काचेत कायम असतो, सेल संपला तरी, काच फिकी असली तरी. म्हणजे खरी चाळणी चांगली असेल तर एखादी चूक डोळ्याला परवडते. आता ती चाळणी खरी आहे का हे साडेअठराशेच्या मालात कशावरून ओळखायचं? काचेच्या कडेला 'ईएन ३७९' आणि चार आकडे कोरलेले असतात, माझ्या काचेवर १/२/१/२ आहे. एक सगळ्यात चांगला, तीन सगळ्यात वाईट. शेवटचा आकडा तिरकं बघताना काच किती एकसारखी दिसते त्याचा, आणि ते दिसून येतं: ओव्हरहेडला मान वाकडी केली की काचेचा एक कोपरा जास्त हिरवा, एक फिका. खोटं कोरणारेही असतील, पण ज्यावर काहीच कोरलेलं नाही ते घेऊच नका. रस्त्यावर काळा गॉगल लावून वेल्डिंग करणारे बघतो तेव्हा आता अंगावर काटा येतो. काच काळी आहे म्हणजे ती किरण अडवतेच असं नाही, आणि बाजूनं सगळं उघडं ते वेगळंच.

त्या दिवसापासून दुकानात टीव्हीचा एक जुना रिमोट खिळ्याला टांगलाय. हेल्मेट घालायच्या आधी सेन्सरसमोर धरून बटण दाबायचं. काच काळी झाली तर घालायचं. ग्राइंडवर राहिलं असेल किंवा सेल संपला असेल तर होत नाही, लगेच कळतं. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. (हो, सोलर पट्टी असूनही आत गोळीसारखा सेल असतो. घेताना तो बदलता येतो का ते बघा, काहींमध्ये तो कायमचा बंद केलेला असतो.)

शेडचं म्हणाल तर अडीच एमएमचा रॉड सत्तर-ऐंशी अँपिअरवर चालवताना मी दहा ठेवतो, सव्वातीनचा रॉड एकशे दहा-वीसवर असेल तर अकरा. डिले थोडा वाढवून ठेवा, नाहीतर आर्क तुटताक्षणी काच उघडते आणि लाल रस डोळ्यात भरतो.

आता तक्रारी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडवर चढून काम केलं, सोलापूरचा मे, पारा त्रेचाळीस. सूर्याकडं तोंड झालं की हेल्मेट आपोआप काळं, कारण सेन्सरला ऊन आणि आर्क यातला फरक कळेना. सेन्सिटिव्हिटी कमी केली की हे थांबतं, पण मग बारीक करंटला उशिरा काळं व्हायला लागतं. एकदा दुपारच्या भाकरीपुरतं पत्र्यावर ठेवलं, तर परत घातल्यावर काचेत मधोमध ढग. सावलीत ठेवल्यावर गेला. माहितीपत्रकात पंचावन्न अंशांपर्यंत चालेल असं लिहिलंय, तापलेला पत्रा त्याच्या किती पुढं गेला होता ते पत्र्यालाच माहीत. दुसरं, सेन्सर दोनच. पाइपच्या मागं, कोपऱ्यात घुसून मारताना दोन्ही झाकले गेले की काच लुकलुकते. चार सेन्सरचं हजारभर जास्त आहे. जिन्याची, पाइपची कामं जास्त असतील तर तेच घ्या. कपाळावरची पट्टी तर आठवड्यात घामानं कुजली. तिथं मी आपल्या टेरी टॉवेलची दुहेरी पट्टी शिवून बसवली, कंपनीच्या पट्टीपेक्षा झकास. मात्र तोच टॉवेल गळ्यात गुंडाळून वेल्डिंगला बसू नका. त्याच्या फुलक्यांत ठिणगी अडकते आणि आत धुमसत राहते. गळा हेल्मेटनं झाकला जात नाही, शर्टाचं वरचं बटण लावा, आणि शर्ट सुतीच घाला. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते आता. हाच मोकळा झालेला डावा हात.

बावीस वर्षं माझ्या डाव्या हातात फायबरच्या स्क्रीनची मूठ होती. म्हणजे तो हात कशालाच लागत नव्हता, नकळत सुरक्षित होता. हेल्मेट आलं आणि तो हात जॉबवर टेकायला लागला, उघडा, कारण मोजा मी उजव्याच हातात घालायचो. एप्रिलच्या शेवटी एक चॅनेल जोडत होतो. मोजा घामानं पिळून निघेल इतका ओला. रॉड संपला, थोटूक काढून नवा रॉड होल्डरमध्ये घालताना एका हातातून दुसऱ्या हातात, थेट छातीतून, असा झटका बसला की मागं ढकलला गेलो. आपण म्हणतो, होल्डरला काय करंट असतो, मुंग्या येतात फक्त. मशीन चालू आणि आर्क बंद असताना होल्डर आणि जॉब यांच्यात साठ-सत्तर व्होल्ट असतात. कोरडा मोजा, कोरडे बूट असतील तर काही वाटत नाही. घामानं कातडीचा विरोध कोसळतो आणि तेच सत्तर व्होल्ट छातीतून वाट काढतात. एक हात होल्डरवर आणि दुसरा उघडा जॉबवर, यापेक्षा वाईट वाट नाही. स्क्रीनच्या काळात असा झटका मला कधी बसला नव्हता.

हे हेल्मेटच्या माहितीपत्रकात नाही आणि दुकानदारानंही सांगितलं नाही. त्याला तरी कुठून सुचणार? मोजे मी दोन्ही हातांत घालतो आता, चामड्याचे, आणि उन्हाळ्यात दोन जोड्या, एक वाळत तर एक हातात. होल्डरचा जबडा फुटलेला होता, चिकटपट्टीवर दिवस काढत होतो, तो बदलला. होल्डर खाली ठेवताना रॉड काढूनच ठेवतो. नवीन मशीन घेणाऱ्यांनी व्हीआरडी असलेलं बघावं, आर्क बंद असताना ते होल्डरचं व्होल्टेज खूप खाली आणून ठेवतं. माझ्या मशीनला नाही.

आणि 'अर्थिंग'. आपल्या धंद्यात दोन वेगळ्या वस्तूंना हे एकच नाव आहे. जॉबला लावतो ती क्लॅम्पची वायर करंट परत न्यायला असते. मशीनच्या बॉडीचं अर्थिंग तीन पिनच्या प्लगमधून जमिनीत जातं. पहिली आहे म्हणून दुसरीची पिन मोडून टाकणारे मी रोज बघतो. माझी स्वतःची पिन दोन वर्षं मोडलेली होती, हे लिहिताना लाज वाटते. आत कुठं वायर बॉडीला टेकली असती तर सत्तर नव्हे, दोनशे तीस व्होल्ट हाताला लागले असते.

धुराचं काम हेल्मेट करत नाही, उलट वाकलं की धूर हनुवटीखालून आत शिरतो आणि तिथंच कोंडतो. जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचं काम केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो तो जस्ताच्या धुराचा, दूध प्यायल्यानं त्याला काही होत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, पंखा बाजूनं लावा, तोंड धुराच्या रेषेत ठेवू नका. कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला तंबाखूच्या धुराच्या रांगेत, पहिल्या गटात बसवलंय. हे वाचून माझी विडी सुटली नाही, पण पंखा आला.

घ्यावं का? रोज टाके मारणाऱ्यानं घ्यावंच, पण त्याच बिलात मोज्यांच्या दोन जोड्या धरा. महिन्यातून एखादा कडी-कोयंडा जोडणाऱ्याला साधी स्क्रीन आणि नंबर कोरलेली काच पुरते.

पुढची प्लास्टिकची पारदर्शक काच ठिणग्यांनी दीड महिन्यात देवीच्या वणासारखी होते, ती बदलावीच लागते. ज्यांनी हेल्मेट विकलं त्यांच्याकडं ती नाही, "पुण्याहून मागवतो" हे मार्चपासून ऐकतोय. शेवटी दुसरीकडून थोडी मोठी आणून कडा घासून बसवली. घेताना दुकानातच खोकं उघडा आणि जादा काचा मोजा. माझ्या खोक्यावर पाच छापल्या होत्या, आत दोन निघाल्या.