राज्यशास्त्र मेजर की मायनर? दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरण्याआधी

जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलावर बसलो की एक प्रश्न दिवसभर येत राहतो : "सर, पॉलिटिकल सायन्स मेजरला घेऊ की मायनरला?" मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय. काही वर्षांपूर्वीपर्यंत हाच प्रश्न "स्पेशलला काय घेऊ?" असा यायचा. मुंबईकडे "सिक्स युनिट करू की थ्री युनिट?" असा, म्हणजे शेवटच्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर की तीन. नावं बदलली, पेच तोच आहे. रांग मोठी असते, मागचा मुलगा आपला अर्ज पुढे सरकवत असतो, आणि तीन वर्षांचा निर्णय दोन मिनिटांत होऊन जातो. तिथे जे सांगायचं राहून जातं ते इथे सांगतो. तालुक्याच्या गावी कला शाखेला हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच येतील.

आधी हिशोब

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत आली. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. त्यातली साधारण निम्मी क्रेडिट मेजर विषयाची आणि १८ ते २० मायनरची. उरलेली भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, दुसऱ्या शाखेतला खुला विषय यांत वाटली जातात. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांची शिकवणी. या हिशोबाने मायनरमध्ये राज्यशास्त्र तुमच्या वाट्याला जेमतेम ३०० तास येतं आणि मेजरमध्ये ९०० तासांच्या आसपास. म्हणजे तिप्पट. पण फरक नुसत्या तिपटीचा नाही, म्हणून तर हा लेख.

दिलाशाची एक गोष्ट. अनेक महाविद्यालयांत आता पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकायला मिळतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर राहतो आणि तिसरा सुटतो. त्यामुळे बारावीच्या निकालाच्या आठवड्यात जीव टांगणीला लावायची गरज नाही. पहिलं वर्ष हे चाखून बघायचं वर्ष आहे. दुर्दैवाने बहुतेक मुलं ते नुसतं पास होण्यात घालवतात आणि दुसऱ्या वर्षी मैत्रीण जिकडे जाईल तिकडे जातात.

एकच सरपंच, दोन वर्ग

दोन्हींतला फरक मला सरपंचाच्या उदाहरणाने सांगता येतो.

मायनरच्या वर्गात पंचायत राज शिकवताना मी काय सांगतो? १९५७ची बलवंतराय मेहता समिती, महाराष्ट्रासाठी वसंतराव नाईक समिती, तिच्या शिफारशींवरून १९६१चा जिल्हा परिषद कायदा आणि १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय रचना. मग पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते आरक्षण निम्म्यावर नेलं ती गोष्ट. ग्रामसभा, ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, कोणाकडे काय अधिकार. एवढं नीट समजलं तर विद्यार्थी आपल्या गावच्या ग्रामसभेत जाऊन जमाखर्च मागू शकतो. याला मी कमी लेखत नाही. शिकलेल्या घरांतही हे माहीत नसतं.

मेजरच्या वर्गात हे सगळं पहिल्या दोन-तीन तासांत संपतं आणि मग खरा विषय सुरू होतो. सरपंच सदस्यांनी निवडायचा की थेट गावाने? महाराष्ट्राने २०१७ मध्ये थेट निवडणूक आणली, २०२० मध्ये ती रद्द केली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. पाच वर्षांत तीन वेळा नियम का बदलला? थेट निवडून आलेला सरपंच आणि विरोधी गटाचे बहुमत असलेले सदस्य एकाच पंचायतीत बसतात तेव्हा काय होतं? महिला सरपंच असलेल्या गावात सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, हे सगळीकडे सारखं आहे का? दुसऱ्यांदा निवडून आल्यावर बाईचा आवाज बदलतो का? दूध संघ, सोसायटी, साखर कारखाना ज्याच्या हातात, त्याचंच पॅनल पंचायतीत का येतं, आणि जिथे येत नाही तिथे काय वेगळं घडलं?

या प्रश्नांची उत्तरं गाइडमध्ये नसतात. मुलं वही घेऊन गावात जातात, वीस घरं फिरतात, उलटसुलट उत्तरं घेऊन परत येतात. एकदा एका मुलीने स्वतःच्याच गावचा अहवाल लिहिला. तिची चुलती माजी सरपंच. चुलतीला तिने पहिल्यांदाच विचारलं की, "काकू, त्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःच्या मनाने घेतलेला एक निर्णय सांगा." काकू बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग पाण्याच्या टाकीची जागा कशी बदलून घेतली ते सांगत बसल्या. टाकी आधी वरच्या आळीत होणार होती. त्या एका टाकीवर त्या मुलीने बारा पानं लिहिली. प्रतिनिधित्व म्हणजे काय हे माझ्या व्याख्यानापेक्षा त्या बारा पानांत जास्त होतं. हे मायनरमध्ये घडत नाही. शिक्षकाची इच्छा असली तरी घडत नाही, कारण तेवढे तासच नसतात.

सिद्धान्ताची खिंड

मेजर घेणाऱ्यांची दमछाक होते ती राजकीय सिद्धान्ताला. बातम्या आवडतात, चर्चा आवडते, निवडणुकीच्या निकालाला रात्र जागवतो, म्हणून मेजर घेतलं, असं सांगणारी मुलं दुसऱ्या वर्षी हॉब्ज, लॉक, रूसो हे पाश्चात्त्य विचारवंत समोर आले की कोमेजतात. सार्वभौमत्व, अधिसत्ता, अधिमान्यता, धुरीणत्व, अभिजन हे शब्द मराठीत असूनही परके वाटतात. सत्ता आणि अधिसत्ता यांत फरक काय, हे पोलिसाच्या काठीच्या आणि गावातल्या ज्येष्ठ माणसाच्या शब्दाच्या उदाहरणाने समजतं. पण ते समजेपर्यंत धीर लागतो. ज्याला एक परिच्छेद तीनदा वाचायचा कंटाळा आहे त्याने मेजर घेऊ नये, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

मायनरमध्ये ही खिंड तेवढी अवघड नाही. तिथे बहुधा भारतीय राज्यघटना, शासनव्यवस्था, थोडं महाराष्ट्राचं राजकारण, थोडे आंतरराष्ट्रीय संबंध असा पाया असतो. घटनेची कलमं आणि गाजलेले निवाडे, म्हणजे घटनेच्या मूलभूत चौकटीचा १९७३चा केशवानंद भारती, राष्ट्रपती राजवटीबद्दलचा १९९४चा बोम्मई, एवढ्यावर बऱ्यापैकी पकड येते. मेजरचा विद्यार्थी संविधान सभेच्या चर्चाच उघडून बसतो. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीबद्दल दिलेला इशारा एका ओळीत पाठ करणं निराळं आणि ते भाषण अख्खं वाचून त्यावर वर्गात वाद घालणं निराळं.

पक्षांतरबंदीचंही तसंच. १९८५ला दहावी अनुसूची आली, २००३च्या ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर पद वाचायचं ती पळवाट बंद झाली, हे मायनरला कळतं. एवढा कायदा असूनही पक्ष का फुटतात, विधिमंडळ पक्ष मोठा की मूळ पक्ष, व्हिप म्हणजे पक्षादेश कोणी काढायचा, सभापती किंवा अध्यक्षांकडे निवाडा का दिला, हे सगळं सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३च्या शिवसेना फुटीवरच्या निकालासह वाचायचं असेल तर मेजरच हवं.

एमपीएससीसाठी मेजर घेताय?

टेबलावर सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण हेच. आणि माझ्या मते मेजर घेण्याचं हे सर्वांत कच्चं कारण आहे.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर घटना, शासन, सामाजिक न्याय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा, २५० गुणांचा. शिवाय वैकल्पिक, म्हणजे उमेदवाराने स्वतः निवडलेल्या विषयाचे दोन पेपर, मिळून ५०० गुण. एमपीएससीची राज्यसेवाही २०२५ पासून त्याच वर्णनात्मक वळणावर गेली : मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ची, वैकल्पिक विषयाला ५००. त्या वैकल्पिकांच्या यादीत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध आहे. इथपर्यंत मुलांचा हिशोब बरोबर.

पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. वैकल्पिक विषय घ्यायला त्यात पदवी लागत नाही. भूगोल मेजर केलेला मुलगा राज्यशास्त्र वैकल्पिक घेऊ शकतो, आणि घेतातही. सामान्य अध्ययनाला लागतो तेवढा पाया मायनरमध्ये मिळतो. उलट भूगोल, इतिहास किंवा अर्थशास्त्र मेजर आणि राज्यशास्त्र मायनर केलं तर सामान्य अध्ययनाचे दोन खांब पदवीतच उभे राहतात. मेजर घेतलेल्याला वैकल्पिक विषयात आघाडी मिळते, हे खरं. पण ती आघाडी ज्याने तीन वर्षं खरोखर वाचलं त्याला मिळते. परीक्षेसाठी मेजर घेतलेली मुलं बहुतेकदा वर्गच करत नाहीत, पुण्यात अभ्यासिकेत बसलेली असतात. मग मेजर असून नसून सारखंच. आणि निवड झाली नाही तर हातात उरतं ते न वाचलेल्या विषयाचं गुणपत्रक. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत, त्यांचे पंचविशीतले चेहरे आठवतात, म्हणून एवढं कळवळून लिहितो आहे.

कोणती वाट कुठे जाते

वकिलीकडे जायचं असेल तर तीन वर्षांच्या एलएलबीला कोणतीही पदवी चालते. सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मेजर कोणता हे कोणी विचारत नाही. तरी घटनात्मक कायद्याच्या वर्गात राज्यशास्त्राची मुलं पुढे असतात. इथे मायनरही पुरतं, मेजर असेल तर सोन्याहून पिवळं.

पत्रकारितेकडे जाणाऱ्याला मी उलटा सल्ला देतो : मेजर अर्थशास्त्र, मायनर राज्यशास्त्र. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचता येणारे बातमीदार फार थोडे आहेत. राजकारणाच्या बातम्या लिहिणाऱ्यांना तोटा नाही.

शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, धोरणाचं किंवा निवडणूक सर्वेक्षणाचं काम करायचं असेल तर दुसरा विचार नको, मेजर घ्या. कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवायला त्याच विषयातलं एमए आणि बीएड लागतं. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एमएनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. मायनरवरूनही एमएला जाण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२४च्या चौकटीने मोकळी ठेवली आहे, पण एमएच्या पहिल्या सत्रात मायनरवाल्यांना सिद्धान्त आणि तौलनिक राजकारण शून्यापासून उचलावं लागतं आणि ते सहा महिने जड जातात. नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रेंगाळते, तासिका तत्त्वावर राबणारे नेट-सेटधारक माझ्या ओळखीत डझनाने आहेत. ही वाट निवडताना घरच्यांना अंधारात ठेवू नका.

मेजरवाल्यांसाठी आणखी एक. चौथं वर्ष आता उपलब्ध आहे. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षं केली की एमए एका वर्षात होतं. म्हणजे एकूण वर्षं तेवढीच, फक्त वळण वेगळं.

कागदावरचं आणि कॉलेजातलं

इथवर लिहिलं ते सगळं नियमांप्रमाणे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मायनरची निवड विद्यार्थ्याची नसते, वेळापत्रकाची असते. एका ओळखीच्या कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राचे तास एकाच वेळी लावले होते, त्यामुळे ती जोडीच अशक्य झाली आणि तीस-चाळीस मुलांना मनाविरुद्ध दुसरा विषय घ्यावा लागला. कुठे विभागात पूर्णवेळ शिक्षक एकच असतो. एका माणसाने मेजरचे सगळे पेपर शिकवायचे तर आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे नोट्स उतरवून घेणं होतं. अशा ठिकाणी राज्यशास्त्र कितीही आवडत असलं तरी मी मायनर सुचवतो आणि मेजर तो विषय घ्यायला सांगतो ज्याचा विभाग जिवंत आहे. चांगला इतिहासाचा शिक्षक मिळाला तर राजकारण त्यातूनही कळतं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एवढं करा. विभागात जा आणि पूर्णवेळ शिक्षक किती ते विचारा. ग्रंथालयात राज्यशास्त्राच्या कपाटाजवळ उभे राहा, गेल्या पाच वर्षांत आलेली पुस्तकं शोधा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेले क्षेत्रकार्याचे अहवाल मागून बघा, दाखवायला एकही नसेल तर कारण विचारा. मागच्या वर्षीची राजकीय सिद्धान्ताची प्रश्नपत्रिका घ्या आणि त्यातला एक प्रश्न घरी नेऊन त्यावर दोन पानं लिहायचा प्रयत्न करा. पुस्तक उघडून लिहिलीत तरी चालतील. लिहिताना वेळेचं भान राहिलं नाही तर मेजर घ्या. अर्ध्या पानात पेन खाली ठेवलंत तर मायनर घ्या, आणि मेजरसाठी दुसऱ्या विषयाची प्रश्नपत्रिका आणून पुन्हा हेच करा.