‘सर्किट गेलंय’ म्हणाला आणि १३,२५० रुपये गेले

ऑनलाइन सापडलेल्या पुण्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे माझा जुना फिल्म कॅमेरा पाठवला होता. हिशेब आधी मांडतो. तपासणीचे ७००, सर्व्हिसिंगचे ३,५००, ‘जपानहून मागवलेल्या’ शटरचे ७,२०० आणि त्या शटरच्या कस्टमचे १,८५०. एकूण १३,२५० रुपये. बदल्यात आला तोच निकॉन एफएम२एन (एफएम२चाच प्रकार), त्याच बिघाडासकट. नंबर बंद, कंपनीचं नाव बनावट, पुण्याचा पत्ता खोटा. पुढचं काय ते तुम्हाला ठाऊकच आहे.

‘इतक्या लांब पाठवलाच कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी सोलापुरात फिल्म कॅमेरा उघडणारा कारागीर शोधून दाखवावा. ज्यांना हे काम येत होतं ते थकले, नाहीतर मोबाईल आणि सीसीटीव्हीच्या धंद्यात गेले. नवी पेठेत विचारलं तर ‘मालक, शोकेसमध्ये ठेवा की’ असा फुकटचा सल्ला मिळतो. निकॉनने एफएम२ बनवणं २००१ मध्येच थांबवलं. मग माणूस ऑनलाइन शोधणार नाही तर करणार काय?

बिघाड तसा साधा. १/२००० आणि १/४००० सेकंदाच्या शटर स्पीडवर फ्रेमची लांब कड काळी येत होती. याला कॅपिंग म्हणतात. शटरचा मागून येणारा पडदा पुढच्याला वाटेत गाठतो आणि तेवढी पट्टी उजेडाविना राहते. एफएम२चं शटर उभं धावतं म्हणून पट्टी लांब कडेला दिसते. पेंटॅक्स के१०००सारख्या आडव्या कापडी शटरमध्ये ती आखूड कडेला येते. कारण बहुतेक वेळा एकच, पात्यांवर आलेलं तेल किंवा विरघळलेल्या फोमचा चिकटा. आपल्याकडे मे महिन्यात बॅग बंद गाडीत राहिली की ग्रीस पातळ होऊन नको तिथे पसरतं, लेन्सच्या अ‍ॅपर्चरची पातीसुद्धा चिकटतात. म्हणजे गरज होती ती साफसफाईची, नव्या शटरची नव्हे.

आता त्या दुरुस्तीवाल्याचं ते वाक्य. ‘सर, सर्किट गेलंय, म्हणून वरचे स्पीड मिळत नाहीत. शटर युनिटच बदलावं लागेल.’ तिथल्या तिथे फोन आपटायला हवा होता! एफएम२मध्ये शटरचा आणि सर्किटचा काडीचा संबंध नाही. दोन्ही एलआर४४ सेल काढून फेकले तरी १ सेकंदापासून १/४०००पर्यंत सगळे स्पीड चालतात. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या तीन लाल दिव्यांना. हे कुठल्याही जुन्या स्टुडिओवाल्याला झोपेतून उठवून विचारा. ते वाक्य आठवलं की अजून डोकं तडकतं. पण त्याच मिनिटाला त्याने बॅटरीच्या कप्प्यातल्या हिरव्या गंजाचा फोटो पाठवला आणि तो गंज खरा होता. खऱ्याला खोटं चिकटवून विकायचं, हीच या लोकांची हातोटी. वर बोलणं असं की कॅपिंग, प्रिझम, के२ स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमधली फोकसची काच), एकही शब्द चुकला नाही. अशा माणसावर कोण संशय घेईल?

एफएम२चं शटर आज नवीन कोणी बनवत नाही. मिळतंय ते मेलेल्या बॉडीतून काढलेलं. आणि कस्टम ड्युटी कुरिअरवाले किंवा टपाल खातं पावती देऊन घेतं. खासगी यूपीआयवर कोणी ‘कस्टम’ मागितलं की समजून जा.

मग स्लो मोशनचा व्हिडिओ आला. ‘बघा सर, ४००० परफेक्ट.’ मोबाईल सेकंदाला २४० चित्रं घेतो, म्हणजे एका चित्राला साधारण चार मिलिसेकंद. १/४००० म्हणजे पाव मिलिसेकंद. त्यात काय कपाळ दिसणार? मोबाईलवर १ सेकंदाची २४० चित्रं मोजता येतात, १/३०ची ८ मोजता येतात, त्याच्या वर अंदाजपंचे. वरच्या स्पीडसाठी शटर टेस्टरचे, म्हणजे स्पीड मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे मागायचे, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचेही. आकडे देत नाही तो कॅमेरा उघडतच नाही, असं धरून चाला.

कॅमेरा परत आल्यावर सगळं उघडं पडलं. या बॉडीत सुरुवातीची, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली टायटॅनियमची पाती आहेत. वरून दुसऱ्या पात्यावर, डाव्या टोकाजवळ, जेमतेम दोन मिलीमीटरचा पोचा. पाठवण्याआधीच्या फोटोत तो आहे आणि ‘नव्या’ शटरवरही बरोब्बर तिथेच आहे. शटर काढायचं तर पुढचं लेदरेट, म्हणजे बॉडीवरचं नकली चामडं, सोलून आरशाचा सांगाडा बाहेर घ्यावा लागतो. लेदरेटची कड हललेलीसुद्धा नाही. तळाच्या स्क्रूंची डोकी मात्र खाल्लेली. जपानी स्क्रूला जेआयएस पेचकस लागतो, साधा फिलिप्स घातला की चौफुली झिजते. मागच्या दाराच्या खाचेत खिडकीला लावतात तो जाड फोम कोंबलेला. तिथे लागतो दीड-दोन मिलीमीटरचा काळा फोम, दोन-तीनशे रुपयांत घरी होणारं काम. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने काढायचा, फक्त पात्यांवर थेंब पडू द्यायचा नाही. स्वच्छ के२ स्क्रीनच्या जागी ओरखडे पडलेली स्क्रीन बसवलीय, तो दरोडा वेगळाच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘काका, या डबड्यावर तेरा हजार घातले?’ दुसरा, ‘कॅमेऱ्याचं बिल आहे का?’ ऐंशीच्या दशकातल्या कॅमेऱ्याचं बिल! पोच्याचे दोन्ही फोटो समोर ठेवले तर साहेबांनी चष्मासुद्धा लावला नाही. मग ‘ही दिवाणी बाब आहे’, मग ‘पार्सल गेलं तिथल्या ठाण्यात जा’. अहो, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि पुढे पाठवायचा हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्येच आहे. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे सांगितलं तर ‘तुम्ही वकील आहात का?’ बँकेत गेलं तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फ्रॉड कसा?’ फसवून घेतलेले पैसे माणूस स्वतःच्याच हाताने देतो, त्यालाच फसवणूक म्हणतात ना? अर्ज टेबलावर, साहेब मीटिंगमध्ये, आणि तोवर त्या खात्यात दमडीही उरत नाही. चोर परवडला, तो निदान पोचपावतीसाठी ताटकळत ठेवत नाही.

संशय येताच यूटीआर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याची पायरी नंतर चढा. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, २०१९च्या कायद्याने. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. माझी तक्रार सोलापुरातच दाखल आहे, सोबत पोच्याचे दोन्ही फोटो.

पाठवायचाच झाला तर फक्त बॉडी पाठवा, लेन्स कदापि नाही. वरच्या प्लेटच्या मागचा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक, शटरची पाती, स्क्रूंची डोकी, स्क्रीन, सगळ्याचे जवळून फोटो काढून ठेवा. आणि फिल्म पुढे सरकवणारा वाइंडिंग लिव्हर आत ढकललेला असेल तर एफएम२चं बटण दाबलंच जात नाही. तो बिघाड नव्हे, तसंच आहे ते. ‘शटर जाम’ सांगून त्याचेही पैसे उकळतील.

उरलं ते कॅपिंग. सोलापूरच्या भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ अ‍ॅपर्चरवर १/१२५ सेकंद पुरतं, ४००ला १/५००. तेव्हा तूर्त १०००च्या पुढे डायल न्यायचं कारण नाही.