स्कॉटलंड की गार्डन रूट?

लातूरच्या दाजींचं अडलंय: गोल्फ आणि भटकंतीसाठी स्कॉटलंड की दक्षिण आफ्रिकेतला गार्डन रूट, म्हणजे तिथला समुद्रकिनाऱ्याचा निसर्गरम्य पट्टा? गाडी दोन्हीकडे आपल्यासारखी डाव्या बाजूनं, इंग्रजीतलं लायसन्सही चालतं. खर्चात पाउंडापेक्षा रँड कितीतरी हलका.

मैदानाचं म्हणाल, तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाची सर कशालाच नाही. पण तिथं हँडिकॅपचा (खेळातली पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो, बरेचजण खेळायची वेळ मिळावी म्हणून सोडतीच्या भरवशावर थांबतात. रविवारी सहसा खेळ बंद, मैदानावर लोक कुत्री फिरवतात! आफ्रिकेत गार्डन रूटवरच्या जॉर्ज या शहरात मुक्काम टाकून खेळा, मधल्या दिवशी जवळच्या औट्सहूर्न गावची शहामृगं, कँगो गुहा. वेरूळच्या शेजाऱ्यांना गुहांचं काय कौतुक, ते सोडा.

मे-जूनच्या उन्हातून पळायचं, ओल्ड कोर्सचीच हौस असेल तर स्कॉटलंड. रात्री दहापर्यंत उजेड. दिवाळीनंतर ताई-पोरांसह, बेतात जायचं तर आफ्रिका. तिथं रात्री मात्र गाडी काढू नका, दाजी.