टॅक्रोलिमस: सकाळ-संध्याकाळची घ्यावी की एकवेळची?

माझी किडनी आईची, ती बसवून चार वर्षं झाली. शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घ्यावी लागते; पहिली तीन वर्षं ती दोन वेळा घेतली, आता वर्षभर एकवेळची चालू आहे, म्हणजे दोन्ही करून बसलोय.

दोनवेळची म्हणजे बारा-बारा तासांनी, माझी ९ आणि ९. सकाळची कधी चुकली नाही, सगळा घोळ रात्रीचा. जेवणाआधी तासभर नाहीतर जेवल्यावर दोन-तीन तासांनी घ्यायची असते आणि नेमके ९ ला आपण कुणाच्यातरी लग्नात ताटावर बसलेलो असतो. पण चुकली तर अर्ध्या दिवसाचंच औषध चुकतं, शिवाय स्वस्त, आणि आमच्या तालुक्यात मिळते.

एकवेळची सकाळी घेतली की दिवसभर डोक्याला ताप नाही. मात्र राहिली तर अख्खा दिवस कोरडा. त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी डबल नाही. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, औषध हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते. मला महाग पडते.

खरी भीती अदलाबदलीची. दोन्ही पाकिटांवर १ मिग्रॅ लिहिलेलं, मेडिकलवाल्याने मला एकदा 'सेमच आहे' म्हणून एकवेळचीच्या जागी साधी, म्हणजे दोनवेळची, दिली होती, घरी येऊन जुन्या पाकिटाशी ताडून बघितलं म्हणून वाचलो. ब्रिटनच्या औषध नियामकाने तर २०१२ मध्येच सांगितलंय, हे औषध ब्रँडच्या नावानेच लिहा आणि द्या. बदल करायचाच तर डॉक्टरांनीच करायचा आणि नंतर लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, तपासायची. लेव्हलच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी, मी ती शर्टच्या खिशात ठेवून लॅबच्या रांगेत उभा राहतो.

पथ्य दोन्हीला एकच. गणपतीत मावशीने पपनस सोलून पुढे केलं, हात जोडले, कारण त्याने लेव्हल चढते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, यांनीही चढते, जुलाब लागले तरी चढू शकते, टीबीच्या रिफाम्पिसिनने धाडकन उतरते. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, किडनीलाच मार.

माझं मत विचाराल तर रात्रीचा डोस महिन्यात दोनदा जरी चुकत असेल तर डॉक्टरांकडे एकवेळचीचा विषय काढा. लेव्हल नीट आहे, वेळा पाळता येतायत, मग कशाला हात लावायचा? या औषधाने होणारी हाताची थरथर जाईल म्हणून बदलणार असाल तर माझी तरी गेलेली नाही, चहाचा कप अजून दोन्ही हातांनीच धरतो.