विजापूर वेशीतलं मटणाचं दुकान : चरबी घ्यायची तर इथूनच

सोलापुरात मटण कुठलं चांगलं हे कुणीपण सांगतंय, पण नुसती चरबी चांगली कुठं मिळते म्हणून विचारलं की माणसं तोंडाकडं बघत बसतात, म्हणून हे लिहितोय. मला चरबी लागते ती गावाकडं बैलांच्या घुंगराच्या चामडी पट्ट्यांना आणि घरातल्या कातडी चपलांना लावायला. विजापूर वेशीत आतल्या बोळात एक जुनं दुकान आहे, तिथले चाचा गुरद्याभोवतीची चरबी वेगळी काढून ठेवतात आणि माझ्या मते सगळा खेळ तिथंच आहे. बाकी ठिकाणी चरबी मागितली की पडदे, मांसाचे तुकडे, रक्त लागलेलं सगळं एकाच पिशवीत कोंबून देतात, मग कढवताना जो वास सुटतो तो चार दिवस घरातनं जात नाही.

इथली चरबी पांढरीशुभ्र, हातात धरून चुरली तर तिचा अक्षरशः भुगा होतो, आणि चाचा वरची पातळ झिल्ली बोटानंच ओढून काढून देतात, सुरीसुद्धा लावत नाहीत. आपल्या भागात उस्मानाबादी बोकड जास्त, आणि शेळीच्या अंगावर कातडीखाली चरबी कमी, पोटात जास्त साठते, त्यामुळं चांगला भरलेला बोकड असला की माल मिळतोच.

कढवायची पद्धत सोपी आहे पण घाई चालत नाही. बारीक चिरायची, जाड बुडाच्या पातेल्यात थोडं पाणी घालून एकदम मंद आचेवर ठेवायची, चोथा तांबूस व्हायच्या आत फडक्यातनं गाळायची. मग परत पाण्यात वितळवून तशीच गार होऊ द्यायची, वर घट्ट वडी धरते, खाली पाणी राहतं आणि वडीच्या बुडाला जो करडा थर असतो तो खरवडून टाकायचा. शेवटी ती वडी परत मंद आचेवर ठेवून तडतड पूर्ण थांबेपर्यंत पाणी उडवायचं, कारण पाणी राहिलं की खवट झालीच समजा. काही जण पाण्यात मीठ घालतात, त्यानं घाण लवकर सुटते, पण मग एकदा साध्या पाण्यात धुवायलाच पाहिजे, नाहीतर पट्ट्याची बक्कल गंजते.

हे सगळं मी शिकलो परदेशातल्या शिकारी लोकांचे व्हिडिओ बघून. ते हरणाची चरबी अशीच कढवून त्यात मधमाशीचं मेण मिसळतात आणि शिशाच्या गोळ्यांना लावतात, म्हणजे बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी नळीत मऊ राहते, कडक होऊन चिकटत नाही. हरीण काय, बोकड काय, दोघं रवंथ करणारे, चाऱ्यातलं पातळ तेल पोटातले जंतूच घट्ट करून टाकतात म्हणून यांची चरबी टणक असते, डुकराची तशी होत नाही. चरबी आणि मेणाचं हे वंगण आपल्याला नवीन नाही ओ, १८५७ ला एनफिल्डच्या काडतुसांवरनं जो भडका उडाला तो गाय-डुकराच्या चरबीच्या संशयापायी, भडक्याच्या आधीच सरकारनं शिपायांना मेण-तेल आपलं आपण लावायची मुभा दिली होती पण तोवर विश्वास उडालेला होता.

पण व्हिडिओ बघून कुणी इथं हरणाच्या, रानडुकराच्या चरबीच्या नादी लागू नका, हात जोडून सांगतो. आपल्याकडं नान्नजच्या माळावर काळवीट फिरतात ती आपली शान आहे, आणि १९७२ च्या कायद्यानं शिकार तर सोडाच, अशा जनावराची चरबी घरात ठेवली तरी गुन्हा आहे. रस्त्याकडेला बाटलीत भरून सांड्याचं, म्हणजे रानातल्या एका सरड्याचं तेल आणि कसली कसली चरबी विकणारे बसतात त्यांच्याकडनं पण घेऊ नका, तुम्ही घेता म्हणून ती जनावरं मरतात. बोकडाच्या चरबीनं काम शंभर टक्के होतंय.

फक्त सोलापूरच्या उन्हाचा हिशोब धरा. बोकडाची चरबी पंचेचाळीस डिग्रीच्या आसपास वितळते आणि मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं तापमान सहज होतं, म्हणून थंडीत मी तीन भाग चरबीला एक भाग मेण घालतो, उन्हाळ्यात निम्मं निम्मं. मेण मधमाशीचंच पाहिजे, ते साठीच्या पुढं वितळतं. मेणबत्तीचं घालू नका, गार झालं की पट्ट्यावर पापुद्रे निघतात. पट्टा जरा उन्हात कोमट करून एकदम पातळ हात फिरवायचा, जास्त थापलं की बुरशी धरते.

आता दुकानातलं न आवडलेलं. वजन झिल्ली काढायच्या आधी करतात, मला हे पटत नाही, चाचांना तोंडावर बोललोय, ते हसतात आणि वर मूठभर टाकतात, पण भाव मटणाच्या मानानं बराच कमी असल्यानं मी ताणून धरत नाही. रविवारी तर जाऊच नका, मटणाच्या गर्दीत चरबीवाल्याला कोण विचारतंय. आदल्या दिवशी संध्याकाळी "चाचा, गुरद्याची ठेवा" एवढं सांगून ठेवायचं, सकाळी लवकर जायचं, आणि सोबत झाकणाचा स्टीलचा डबा न्यायचा, त्यांच्या पातळ पिशवीतनं घरी येईपर्यंत गाडीची डिकी तेलकट होते.